हार्ड डिस्क भरली, पण क्लिप सापडत नाही : दशावताराच्या व्हिडिओंची यादी कशी केली

(एपिसोडचं लिखित रूप. बोलतानाचे अडखळे काढलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा प्रश्न तुमच्यापैकीच बऱ्याच जणांचा आहे. कोणी लग्नांचं शूटिंग करतं, कोणी किल्ल्यांवर जाऊन रील्स बनवतं, एकजण फक्त पक्ष्यांचे व्हिडिओ काढतो. सगळ्यांचं रडगाणं एकच. क्लिप्स हजारोंनी साठल्यात, हवी ती वेळेवर सापडत नाही, तर यादी करायला चांगलं सॉफ्टवेअर कोणतं?

नाव सांगून मोकळा झालो असतो, पण मग तुम्ही ते डाउनलोड कराल, दोन रविवार उत्साहाने टॅग लावाल आणि तिसऱ्या रविवारी सोडून द्याल. म्हणून माझ्याकडच्या ढिगाचंच उदाहरण घेतो. तो ढीग आहे दशावताराचा.

ज्यांनी दशावतार पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सिंधुदुर्गात आणि गोव्यात जत्रेच्या रात्री देवळापाशी हा खेळ होतो. मध्यरात्रीच्या सुमाराला सुरू होतो, पहाटेपर्यंत चालतो. साथीला पेटी, पखवाज आणि झांज. बायकांची कामंही परंपरेने पुरुषच करतात. आधी गणपती, सरस्वती, संकासूर वगैरे येतात, त्याला आडदशावतार म्हणतात, आणि मग मुख्य आख्यान. पण आजच्या विषयासाठी महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. संवाद लिहिलेले नसतात. कुठली कथा करायची, कोण कोणतं काम करणार एवढं ठरतं, बाकी सगळं समोर उभं राहून तिथल्या तिथे. आज एका गावात जे बोलले ते उद्या दुसऱ्या गावात तसंच्या तसं बोलणार नाहीत. म्हणजे एखादी क्लिप गेली तर तिची दुसरी प्रत कुठल्या पुस्तकात मिळणार नाही. आणि क्लिप शाबूत आहे, पण तिच्यात कोण आहे, गाव कुठलं, हे सांगणारं कोणी उरलं नाही, तरी ती गेल्यातच जमा.

माझा मामा वीसेक वर्षं हे खेळ शूट करत होता. आधी हाय-एटच्या टेप, मग मिनी-डीव्ही, मग मेमरी कार्डवाला हॅंडीकॅम, शेवटी मोबाईल. यादी त्याच्या डोक्यात होती. कुठलंही नाव घ्या, तो बरोबर डिस्क काढून लावायचा. मामा दोन वर्षांपूर्वी गेला. आमच्याकडे राहिल्या तीन हार्ड डिस्क, साधारण सहा हजार क्लिप्स, आणि त्यातल्या बहुतेकांची नावं शून्य शून्य शून्य शून्य एक, शून्य शून्य शून्य शून्य दोन अशी.

हे शून्यांचं प्रकरण आधी सांगतो, कारण हॅंडीकॅम वापरणाऱ्या प्रत्येकाच्या घरात ते आहे. एव्हीसीएचडी प्रकारातले कॅमेरे प्रत्येक कार्डावर फायलींचे नंबर नव्याने सुरू करतात. म्हणजे तीस कार्डं रिकामी केली तर एकाच नावाच्या तीस फायली. त्या एका फोल्डरमध्ये ओतल्या की एकतर एकमेकींवर बसतात, नाहीतर नावापुढे कंसात आकडे लागतात. शिवाय बऱ्याच कॅमेऱ्यांत लांब शूटिंगचे आपोआप दोन-दोन, चार-चार जीबीचे तुकडे होतात. राजा तलवार उपसतो आणि फाईल संपते. पुढचं वाक्य पुढच्या फायलीत. तेव्हा कार्डावरचं फोल्डर मोडू नका, जसंच्या तसं उचला आणि त्या अख्ख्या फोल्डरला नाव द्या. मामाने हे केलं होतं म्हणून आज निदान कुठल्या क्लिपनंतर कुठली, हे तरी कळतं.

आता सॉफ्टवेअर. पहिलं सगळ्यांना सुचतं ते गुगल फोटोज, कारण ते फोनमध्येच असतं. १ जून २०२१पासून अमर्याद फुकट जागा बंद झाली, त्यामुळे तीन हार्ड डिस्क तिथे चढवायच्या म्हणजे दर महिन्याचं बिल. चेहरे ओळखण्यात ते हुशार आहे, पण आमच्याकडे चेहऱ्यावर बोटभर रंग, वर दाढीमिशा, मुकुट. तोच माणूस आज राक्षस, उद्या राणी. बिचारं गोंधळलं. त्याला दोष नाही, पहिल्या रांगेतली माणसंही गोंधळतात.

मग प्लेक्स, जेलीफिन, कोडी ही मंडळी. ही मुळात सिनेमे आणि सिरीयलींसाठी आहेत. फाईलचं नाव वाचून इंटरनेटवरून पोस्टर आणि नटांची नावं आणतात. घरगुती व्हिडिओंसाठी वेगळा विभाग ठेवता येतो, पण बारीक नोंदी करायचं ते काम नव्हे. दाखवायला उत्तम, नोंदवायला नाही. एडिटिंगवाले मित्र म्हणाले दा विंची रिझॉल्व्ह वापर. त्यात क्लिपवर नोंदी करता येतात आणि फुकट आवृत्ती भरपूर चांगली आहे. पण त्या नोंदी त्या प्रोजेक्टच्या पोटात राहतात. मामाची बहीण, म्हणजे माझी आई, तिला उद्या एक क्लिप शोधायची तर एडिटिंग सॉफ्टवेअर उघडायला लावू का?

व्हिडिओ हब ॲप नावाचं एक छोटं सॉफ्टवेअर मला मनापासून आवडलं. फोल्डर दाखवलं की प्रत्येक क्लिपमधली चित्रं काढून पट्टीसारखी मांडतं. माऊस फिरवला की क्लिप डोळ्यांसमोरून सरकते. रंगपट कुठला, मंडप कुठला, एका नजरेत कळतं. चाळायला मी अजूनही तेच वापरतो. पण टॅग मात्र तिथे लावले नाहीत, कारण ते त्याच्या स्वतःच्या फायलीत राहतात. इथे आपण मुद्द्यावर आलो.

सॉफ्टवेअर निवडताना मी एकच प्रश्न विचारतो. हे उद्या बंद पडलं तर मी लिहिलेल्या नोंदी कुठे असतील? कंपनी बुडते, ॲप अपडेट व्हायचं थांबतं, लॅपटॉप बदलतो. क्लिप तर डिस्कवर राहील. पण सहा हजार क्लिप्स बघून, कान देऊन लिहिलेलं जे आहे, ते त्या सॉफ्टवेअरच्या पोटात अडकलं तर सगळं काम पुन्हा. आणि आमच्या बाबतीत ते पुन्हा करताच येणार नाही. का, ते पुढे सांगतो.

या प्रश्नावर टिकलं ते डिजिकॅम. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. नाव फोटोंचं असलं तरी व्हिडिओही सांभाळतं. एक सेटिंग मात्र आधी चालू करावं लागतं, मेटाडेटामध्ये साईडकार नावाचं. ते केलं की प्रत्येक क्लिपच्या शेजारी एक छोटी मजकुराची फाईल तयार होते आणि तुमचे टॅग, वर्णन, सगळं तिच्यात जातं. ही फाईल एक्सएमपी नावाच्या प्रमाणित पद्धतीत असते, साध्या नोटपॅडमध्येही उघडते. क्लिपला हात लागत नाही. डिस्क दुसऱ्याला दिली की नोंदीही सोबत जातात. आणि बाहेरची डिस्क काढून ठेवली तरी तिच्यातल्या क्लिप्सची चित्रं नि नोंदी लॅपटॉपवर दिसत राहतात. क्लिप चालवायची तेव्हाच डिस्क लावायची.

दिसायला ते काही देखणं नाही. मेनू इतके की पहिल्या दिवशी डोकं गरगरतं. चालायचंच.

नोंदींआधी दुप्पट-तिप्पट प्रती काढल्या. त्यासाठी च्कावका नावाचं फुकट साधन आहे. पोलिश भाषेत या शब्दाचा अर्थ उचकी, आणि नाव घेताना लागतेच. हुबेहूब सारख्या फायली ते शोधतंच, पण दिसायला सारखे व्हिडिओही शोधतं, म्हणजे मूळ क्लिप आणि तिची व्हॉट्सॲपवरून फिरून आलेली फिकट प्रत. अशा वेळी कुठली ठेवायची हे सॉफ्टवेअरला ठरवू देऊ नका, स्वतः बघा. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवलेली क्लिप दाबली जाते, आणि वर्षानुवर्षं तिथे १६ एमबीची मर्यादा होती. मूळ हवी असेल तर डॉक्युमेंट म्हणून मागवा. आणखी एक, व्हॉट्सॲपच्या फाईलच्या नावात जी तारीख दिसते ती क्लिप त्या फोनवर आली-गेली त्या दिवसाची. शूटिंगची नव्हे.

तारखांचा विषय निघालाच आहे तर जरा थांबू, कारण इथे मला सगळ्यात जास्त मजा आली.

एमपीफोर फाईलच्या आत शूटिंगची वेळ लिहिलेली असते. नियमाप्रमाणे ती जागतिक प्रमाणवेळेत असते, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. काही जुने कॅमेरे हा नियम पाळत नाहीत, पण फोन बहुतेक पाळतात. आता समजा १७ नोव्हेंबरच्या रात्री खेळ सुरू झाला आणि क्लिप काढली सव्वादोनला. आपल्या घड्याळात तेव्हा १८ तारीख लागलेली. फाईलच्या नावात फोन १८ लिहितो. फाईलच्या आत मात्र १७ तारीख, रात्रीचे पावणेनऊ. एक सॉफ्टवेअर नाव वाचतं, दुसरं आतली वेळ वाचतं, आणि एकाच खेळाच्या क्लिप्स दोन दिवसांत विखुरतात. मी दोन दिवस डोकं धरून बसलो होतो.

पण गंमत बघा. त्या जागतिक वेळेत तारीख बदलते आपल्या पहाटे साडेपाचला. दशावतार संपतो साधारण तेव्हाच. म्हणजे आतली तारीख धरली तर अख्खा खेळ एकाच तारखेत बसतो. गावातही कोणी असं म्हणत नाही की आडदशावतार १७ला झाला आणि आख्यान १८ला. अमुक रात्रीचा खेळ, एवढंच म्हणतात. पंचांगातला वारसुद्धा सूर्योदयाला बदलतो. तेव्हा मी यादीत 'रात्र' असाच रकाना ठेवला.

ही रात्र कळली की पुढचं दार उघडतं, कारण जत्रा तिथीवर असतात. कुणकेश्वरची महाशिवरात्रीला, तशा बाकीच्या गावांच्याही ठरलेल्या. तारखेवरून तिथी काढायची, तिथीवरून त्या रात्री कुठेकुठे जत्रा होती ते काढायचं, आणि सहा-सात गावांवर येऊन थांबायचं. मग देऊळ, कमान, दीपमाळ बघून गाव ठरवायचं. आंगणेवाडीला हा हिशेब चालत नाही, तिथे तारीख दरवर्षी देवीच्या कौलाने ठरते. पण ती तारीख पेपरात येते, त्यामुळे तीही सापडते.

टेपवरून कॉम्प्युटरवर घेतलेल्या क्लिप्सना मात्र यातलं काही लागू नाही. तिथे फाईलची तारीख म्हणजे कॉपी केल्याची तारीख. १९९९चा खेळ २०११चा दिसतो. तिथे टेपच्या डबीवर मामाच्या अक्षरात जे लिहिलंय तेच खरं.

गाव कळलं, रात्र कळली. माणसं?

इथे कुठलंही सॉफ्टवेअर कामाचं नाही. ओपनएआयने २०२२मध्ये व्हिस्पर नावाचं बोललेलं लिहून काढणारं साधन खुलं केलं, त्याला मराठी येतं, म्हणून आशेने चालवून बघितलं. मागे पखवाज, माईकची शिट्टी, मध्येच मालवणी. जे उमटलं ते वाचून घरात दोन दिवस हसत होतो. मुलाखतींसाठी ते कामाचं आहे, शांत खोलीत एक माणूस बोलत असेल तर जरूर वापरा. जत्रेत नाही.

आमचा आधार म्हणजे पलीकडच्या वाडीतले एक म्हातारे पखवाजवादक. आम्ही आबा म्हणतो. वय ऐंशीच्या वर, एका डोळ्याने कमी दिसतं, पण कान शाबूत. पहिल्या दिवशी मी लॅपटॉप घेऊन गेलो, क्लिप लावली, ते बोलले, मी टाईप करायला लागलो. तेवढ्यात ते गप्प. टाईप करून होईपर्यंत त्यांची तंद्री गेलेली असायची. म्हणून पद्धत बदलली. क्लिप टीव्हीवर लावायची, लॅपटॉप बंद. फोनवर रेकॉर्डर चालू करायचा, क्लिपचा नंबर मोठ्याने बोलायचा आणि गप्प बसायचं. ते बोलतील ते सगळं रेकॉर्ड. रात्री घरी येऊन मी ते ऐकतो आणि टॅग लावतो. वेळ दुप्पट जातो, पण आबांचा जात नाही. त्यांचा वेळ वाचवायचा आहे, माझा नव्हे.

एका क्लिपमध्ये चित्र जवळजवळ काळंच होतं, लाईट गेलेली असणार. मी पुढे ढकलणार, इतक्यात म्हणाले, "थांब रे, मागे घे. हो हात माझ्या वळखीचो आसा." चेहरा नाही, आवाज नाही, पखवाजावरचा हात. नाव सांगितलं, गुरू कोण ते सांगितलं, तो माणूस पुढे मुंबईला गिरणीत गेला तेही सांगितलं. हे सगळं मी त्या क्लिपच्या वर्णनात घातलंय, आणि नोंदीपुढे 'आबांनी सांगितलं' असंही लिहिलंय. कोणाच्या सांगण्यावरून लिहिलं हे लिहाच. उद्या दुसऱ्या कोणी वेगळं नाव सांगितलं तर दोन्ही ठेवता येतात.

हे मी कुठून शिकलो? जात्यावरच्या ओव्यांकडून. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुण्यातून १९८०च्या दशकात हे काम सुरू केलं. महाराष्ट्रातल्या हजारावर गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. पुढे बर्नार्ड बेल यांच्या मदतीने त्याचा डेटाबेस झाला, आणि २०१७पासून पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया, म्हणजे 'पारी', त्या ओव्या प्रसिद्ध करत आली आहे. तुम्ही फोनवर आत्ता ऐकू शकता. त्यात काय आहे बघा, ओवी, गाणारीचं नाव, गाव, तालुका, विषय. गाणारीचं नाव आणि गाव टिपलेलं होतं म्हणून 'पारी'ची माणसं इतक्या वर्षांनी त्या गावांत परत जाऊ शकली, हयात असलेल्या गाणाऱ्यांना भेटू शकली, त्यांचे फोटो, व्हिडिओ घेऊ शकली. नुसत्या ओव्या असत्या तर जायचं कोणाकडे? त्या काळात आजच्यासारखं एकही ॲप नव्हतं.

म्हणून माझे रकाने मोजकेच आहेत. क्लिपचा नंबर, रात्र, गाव, कंपनी, आख्यान, कोणकोण दिसतं, कोणी सांगितलं, आणि शेवटी 'दाखवायला हरकत नाही ना'. हा शेवटचा रकाना विसरू नका. हे कलाकार याच कामावर घर चालवतात. त्यांचं अख्खं आख्यान विचारल्याशिवाय यूट्यूबवर टाकणं मला पटत नाही, मग व्ह्यूज कितीही मिळोत. आधी मी वीस रकाने आखले होते. रस, राग, ताल, पोशाख. आबांनी विचारलं, "ह्या सगळा भरतलो कोण?" बारा रकाने त्याच दिवशी उडाले.

आता मराठीत टॅग लावणाऱ्यांसाठी एक खास दुखणं. एकच नाव आपण पाच तऱ्हांनी लिहितो. 'मोचेमाडकर' कंपनी, पण कोणी 'मोचेमाड' लिहिणार, कोणी नुसतं 'मामा'. ऱ्हस्व-दीर्घ तर विचारूच नका. त्यात 'ऱ्या' हे अक्षर कॉम्प्युटरच्या आत एकाहून जास्त पद्धतींनी लिहिलं जाऊ शकतं. डोळ्याला सारखं दिसतं, पण सर्चला वेगळं वाटू शकतं. माझ्या फोनवर आणि लॅपटॉपवर दोन वेगळे कीबोर्ड होते, आणि एकाच माणसाच्या क्लिप्स दोन ठिकाणी जमत होत्या. उपाय सोपा, टॅग दरवेळी टाईप करायचा नाही. एकदा झाडासारखी यादी करायची, गावांखाली गावं, कंपन्यांखाली कंपन्या, आणि त्यातूनच निवडायचं. डिजिकॅममध्ये हे झाड करता येतं. मुक्तपणे लिहायचं ते वर्णनात लिहा, तिथे मालवणीत लिहा, हवं तसं लिहा.

डिजिकॅमच्या जोडीला एक साधी स्प्रेडशीट आहे, तेच आठ रकाने, क्लिपच्या नंबराने जोडलेली. आई तीच बघते, फोनवर. तिला गाव टाकलं की नंबर मिळतो, नंबरावरून डिस्क. दर महिन्याला ती शीट सीएसव्ही म्हणून उतरवून तिन्ही डिस्कवर टाकतो, आणि चौथी डिस्क, सगळ्याची प्रत असलेली, मावशीकडे बेळगावला आहे. कोकणातली दमट हवा आणि पावसाळ्यातली वीज ज्यांना माहीत आहे त्यांना कारण सांगायला नको.

सहा हजारांपैकी अकराशे झाल्यात. क्रम लावताना जुन्या टेप आधी घेतल्या, कारण त्यातली माणसं ओळखणारे आबांशिवाय आता फार कमी आहेत. मोबाईलवरच्या नव्या क्लिप्स शेवटी, त्यातले कलाकार अजून काम करतायत, त्यांना फोन करून विचारता येईल. तुमच्याकडे लग्नांचे व्हिडिओ असोत की आजोळचे, हाच क्रम लावा. पंगतीत वाढणाऱ्या त्या आजोबांचं नाव घरात आता कोणाला माहीत आहे, ते आधी बघा आणि त्यांच्याकडून सुरुवात करा.

आणि हो, कुणाच्या माळ्यावर टेप असतील तर त्या दुकानात कॉपी करायला देण्याआधी प्रत्येक डबीचा, आतल्या चिठ्ठीचा, टेपवरच्या लेबलचा फोनने फोटो काढा. दुकानातून पेनड्राईव्ह परत येतो, चिठ्ठी येईलच असं नाही. डिजिकॅममध्ये ते साईडकारचं सेटिंग कुठे आहे हे सापडलं नाही तर मेसेज करा, मी स्क्रीन रेकॉर्ड करून पाठवतो. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.